मदत हवी: आजीच्या गावठी गुलाबाच्या काड्या जगत नाहीत

कृष्णाकाठची:
नमस्कार. आमच्या वाड्यात जुना गावठी गुलाब आहे. फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा. ओंजळभर फुलं देवघरात ठेवली की वास माजघरापर्यंत येतो. त्याच्या काड्या लावतेय, एकही जगत नाही. पालवी फुटते, आशा वाटते, आणि मग काडी खालून काळी पडते. मुळं फुटायची पावडर लावून पाहिली, न लावता पाहिली. नर्सरीत गेलं की "ताई, डच गुलाब न्या" म्हणतात. मला डच गुलाब नकोय, हाच हवाय. कृपया लवकर सांगा, वेळ नाहीये.

मातीतला_माणूस:
गाव कुठलं? काडी किती जाड घेता? कशात लावता? कुंडी उन्हात आहे की सावलीत? आणि वेळ का नाहीये? एवढं कळलं तर काही सांगता येईल.

टेरेसवाली:
बटाट्यात खोचा!! काडीचं टोक बटाट्यात घालून बटाट्यासकट कुंडीत पुरायचं. ओल टिकून राहते. मी बरेच व्हिडिओ पाहिलेत, सगळ्यांचे रुजलेत.

अण्णा_सांगलीकर:
बटाट्याचं कृपा करून कुणी करू नका. पावसाळी हवेत बटाटा सडतो आणि काडीलाही घेऊन जातो. त्यातून कोंब येतो तो बटाट्याचा. आयुष्यभर गुलाबाचे डोळे भरण्याचं, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्यावर बसवून कलम करण्याचं काम केलंय म्हणून कळकळीने सांगतोय.

टेरेसवाली:
अण्णा, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण लोकांचे रुजलेत हेही खरं आहे. बटाटा नको तर कोरफडीचा गर लावा. दालचिनीची पूडही चालते, बुरशी येत नाही.

मातीतला_माणूस:
गर, मध, दालचिनी यावर नंतर बोलू. ताई, काड्या कशात लावल्यात?

कृष्णाकाठची:
गाव वाई. बागेतलीच माती, त्यात निम्मं शेणखत. कुंडी तुळशीजवळ असते, सकाळचं ऊन येतं. रोज पाणी घालते. काड्या शेंड्याकडच्या, हिरव्या, चांगल्या तजेलदार घेते.

अण्णा_सांगलीकर:
मग उत्तर यातच आहे. एक, मिश्रण. कृष्णाकाठची काळी माती, वर निम्मं शेणखत, वर ऑगस्टमधलं रोजचं पाणी. हवा खेळायला जागाच नाही. ज्या काडीला मूळच नाही तिला खत देऊन काय उपयोग? ती खाणार कशाने? उलट कापाच्या जागी कुज धरते. नुसती जाडी वाळू धुऊन घ्या, किंवा वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं. खत चिमूटभरही नको.
दुसरं, काडी. शेंड्याची कोवळी घेऊ नका. ज्या फांदीवर नुकतं फूल येऊन गेलंय तिच्या मधला, पेन्सिलीएवढा जाड, निबर भाग घ्या. काटा बाजूला दाबला की कट्कन निघाला पाहिजे. सोलपटून सालीसकट आला तर फांदी अजून कोवळी. १५ ते २० सेंटिमीटर लांबी, तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून.
आणि पालवी फुटली म्हणजे मूळ फुटलं असं नाही. काडी आपल्या पोटातल्या साठ्यावर पालवी काढते. साठा संपेपर्यंत मूळ आलं नाही की मान टाकते. तुमचं तेच होतंय. उपटून मूळ बघायचा मोह मात्र आवरा.

सुगंधवेडा:
वर्णनावरून हा दमास्क जातीचा गुलाब दिसतोय. कनौजला ज्याचं अत्तर काढतात तोच. दमास्कला थंडी लागते, वाईत तो नीट रुजणारच नाही. पालमपूरच्या संस्थेकडून रोप मागवा, नाहीतर लखनौच्या 'सीमॅप' या सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेची नूरजहाँ ही दमास्कचीच जात घ्या. मूळ अत्तराचा गुलाब म्हणजे तोच.

वनस्पतीप्रेमी_नाशिक:
असहमत. उत्तरेच्या मैदानात दमास्क वर्षातून एकदा, फाल्गुन-चैत्रात फुलतो. राजस्थानात त्याला चैती गुलाबच म्हणतात. ताई, तुमच्याकडे फुलं कधी येतात? काटे कसे आहेत? दमास्कच्या फांदीवर मोठे काटे आणि बारीक केसाळ काटे यांची दाटी असते.

कृष्णाकाठची:
थोडी थोडी बाराही महिने, दिवाळीनंतर जास्त. काटे मोठे, वाकडे, पण विरळ. केसाळ काही नाही. नाव काय आहे यापेक्षा तो जगेल कसा हे सांगा ना.

वनस्पतीप्रेमी_नाशिक:
ताई, नावावरूनच ते कळणार आहे. बाराही महिने फुलणारा, विरळ वाकड्या काट्यांचा, कपासारख्या फुलाचा हा बहुधा एडवर्ड गुलाब. म्हणजे बूरबाँ गटातला, हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावरचा. त्या बेटाचं जुनं नाव बूरबाँ. चिनी गुलाब आणि दमास्क यांच्या संकरातून झालेला. चिनी गुलाबाकडून बारमाही फुलणं आलं, दमास्ककडून वास. दक्षिणेत यालाच पन्नीर रोज म्हणतात. हार, गुलाबपाणी, गुलकंद सगळं याचंच.
आता महत्त्वाचं: एडवर्ड आपल्याकडे खुंट म्हणूनही (ज्याच्या मुळावर दुसऱ्या गुलाबाचं कलम करतात ते झाड) वापरतात, कारण त्याची काडी सहज रुजते. म्हणजे तुमच्या झाडात खोट नाही. अण्णांचं वाळूचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

सुगंधवेडा:
फोटो न बघता एवढं ठामपणे कसं म्हणता? पण बारमाही फुलत असेल तर दमास्क नसावा, हे मान्य.

गुलकंदप्रेमी:
ताई, फुलं एवढी येतात तर गुलकंद नक्की करा. पाकळ्या आणि बारीक केलेली खडीसाखर समप्रमाणात, काचेच्या बरणीत थरावर थर, तोंडाला फडकं बांधून उन्हात, रोज हलवायची. फुलं सकाळी लवकर तोडायची, पाणी अजिबात लागू द्यायचं नाही. फवारणी केलेली फुलं घेऊ नका.

न्यूजर्सीकर:
मूळ सातारकर, ही चर्चा वाचून फार बरं वाटलं. माझ्या आजोळीही असाच होता. डिसेंबरात येतोय तेव्हा दोन काड्या बॅगेतून आणता येतील का?

मातीतला_माणूस:
दादा, परवान्याशिवाय लावायची काडी अमेरिकेत नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतील. तिकडच्या जुन्या गुलाबांच्या नर्सऱ्यांत बूरबाँ गट शोधा, वास ओळखीचा लागेल.
ताई, वेळ का नाही ते राहिलंच. आणि झाडाचं वय?

कृष्णाकाठची:
वाडा दिवाळीनंतर पाडायला घेणार आहेत. सगळ्या भावंडांचं ठरलंय, त्यात माझं काही चालणार नाही. आम्ही साताऱ्याला घर बांधलंय, अंगण आहे, तिथे हा गुलाब लावायचाय. झाड आजीने लग्नानंतर लावलेलं, काडी खोचूनच, म्हणजे साठ वर्षं तरी झाली. बुंधा मनगटाएवढा आहे.

मातीतला_माणूस:
हे आधी कळायला हवं होतं, सल्लाच बदलतो! काडीच्या मागे कशाला लागायचं, अख्खं झाडच हलवा. दिवाळीनंतर थंडी पडली की फूट-दीड फुटावर छाटायचं, मोठा मातीचा गड्डा धरून गोणपाटात बांधून न्यायचं. आत्तापासून एका बाजूने चर खणून मुळं कापून ठेवा आणि चर पोयट्याने भरा, म्हणजे बुंध्याजवळ नवी मुळं येतील. मी असे गुलाब हलवलेत, जगतात.

अण्णा_सांगलीकर:
साठ वर्षांच्या झाडावर एकच डाव लावायचा नसतो. मेलं तर संपलं. आधी गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं आणायची. पावसाळा आहे, याहून चांगला काळ नाही. पेन्सिलीपेक्षा जरा जाड फांदी, तिची बोटाच्या पेरभर रुंदीची साल गोल काढा, आतला बुळबुळीतपणा खरवडून पुसा, वरच्या कापावर पावडर लावा, भिजवून पिळलेलं शेवाळ मुठीएवढं बांधा, वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. सहा-आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतील. गुटीत फांदीला झाडाचं पाणी मिळत राहतं, म्हणून काडीपेक्षा भरवसा जास्त.

मातीतला_माणूस:
गुटीला विरोध नाही, पण मूळ झाड सोडायचं कशाला? दोन्ही करू दे त्यांना.

कृष्णाकाठची:
झाड काढता येणार नाही. ते तुळशीवृंदावनाच्या दगडी चौथऱ्याला चिकटून आहे आणि जाड मुळं चौथऱ्याखाली गेलीत. मातीचा गड्डा निघणारच नाही.

मातीतला_माणूस:
मग अण्णा म्हणतात तसंच. तरी चौथरा उचलतील त्या दिवशी तुम्ही तिथे हजर राहा. दगड निघाले की मुळं मोकळी होतील, जेवढी मिळतील तेवढी घ्या.

डोळेवाला_उरुळी:
आणखी एक मार्ग. डिसेंबर ते फेब्रुवारी डोळे भरायचा हंगाम. फुलून गेलेल्या फांद्या पानं काढून, देठाचा बारीक तुकडा ठेवून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. उरुळी कांचन-सोरतापवाडी पट्ट्यात डोळे भरून देणारे कारागीर आहेत. एका फांदीवर पाच-सहा डोळे मिळतात, म्हणजे तेवढी रोपं.

अण्णा_सांगलीकर:
शेवटचा उपाय म्हणून ठीक. पण कलमाला खालून खुंटाचे फुटवे येतात, ते वेळीच काढले नाहीत तर खुंटच वाढतो आणि वरचा गुलाब संपतो. स्वतःच्या मुळावरचा गुलाब वरून वाळला तरी बुडातून तोच परत फुटतो. ताईंच्या आजीचा साठ वर्षं टिकला त्याचं कारण हेच. गुटीच करा.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी वाईला जाऊन गुटी बांधते. निबर काड्या वाळूतही लावते, कुंड्या साताऱ्यालाच ठेवते. एकच अडचण, शेवाळ इथे कुठे मिळत नाहीये. त्याऐवजी काय चालेल? आणि एका झाडावर किती गुट्या बांधू?

अण्णा_सांगलीकर:
नारळाच्या शेंडीचा काथ्या रात्रभर भिजवून पिळून घ्या किंवा कोकोपीट वापरा, चालतं. मात्र प्लॅस्टिकच्या आत पावसाचं पाणी जाऊ देऊ नका, वरची गाठ आवळून बांधा. फांद्या असतील तेवढ्या गुट्या बांधा, पण दोन-तीन फांद्या मोकळ्या ठेवा, मूळ झाड जगलं पाहिजे. मुळं तपकिरी दिसू लागली की गुटीच्या खालून कापा. कापल्यावर थेट अंगणात लावू नका, महिनाभर सावलीत कुंडीत ठेवा.

टेरेसवाली:
ताई, गुटी बांधताना फोटो टाका. मलाही शिकायचंय.