देव-आत्मा न मानणाऱ्याने दुःखात काय वाचावं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. बाबा जाऊन काही महिने झाले. आम्ही दोघंही देव न मानणारे, त्यांनी देहदानाचा फॉर्म आधीच भरून ठेवला होता आणि दहावा-तेरावा काही केलं नाही, ते घरात सगळ्यांना पटलेलंच होतं. पण भेटायला येणारं प्रत्येक जण 'आत्मा अमर असतो', 'ते वरून बघतायत' असं म्हणतं. माणसं मायेनेच म्हणतात, मला राग येत नाही, पण धीरही येत नाही कारण मला ते खरंच वाटत नाही. आणि दुसरं म्हणजे रात्री मधेच जाग येते आणि छातीत धस्स होतं की आपणही असेच नाहीसे होणार, पूर्ण, कायमचे. शेजारी लेक झोपलेली असते, तिच्याकडे बघून अजूनच भीती वाटते. मावशीने गीता वाच म्हटलं, वाचली, सुंदर आहे, पण जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो म्हणतात तिथेच मी अडकते. तर पुनर्जन्म, स्वर्ग, देवाची इच्छा यातलं काही न आणता आधार देणारी पुस्तकं आहेत का? मराठी असेल तर उत्तम, इंग्रजीही चालेल. सेल्फ-हेल्प नको प्लीज.

अर्धविराम:
रानजाई, वाईट वाटलं वाचून. एक सांगू का, तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्यास. बाबा नाहीत हे एक आणि मी नसेन हे दुसरं. दोन्हीला एकच पुस्तक शोधशील तर हाती काही लागणार नाही.
पहिल्यासाठी जोन डिडियनचं 'द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग' (२००५). ३० डिसेंबर २००३ ला रात्री जेवायला बसलेले असताना तिचा नवरा अचानक गेला, तेव्हा मुलगी आयसीयूत होती. ती नवऱ्याचे कपडे काढून टाकते पण बूट देता येत नाहीत, कारण तो परत आला तर त्याला लागतील ना. बाई अतिशय बुद्धिमान, तो परत येणार नाही हे तिला पक्कं माहितीये, तरी मन असं वागतं. ती कुठेही सांत्वन करत नाही, मेडिकल रिपोर्ट वाचते, त्या रात्रीची वेळ जुळवत बसते. मला आई गेल्यावर या पुस्तकाने सगळ्यात जास्त सोबत केली, कारण आपल्या डोक्यात जे चाललंय ते वेडेपण नाही हे तिथे कळलं.

जुनीपेठ:
भीतीसाठी अर्व्हिन यॅलमचं 'स्टेअरिंग अ‍ॅट द सन' (२००८). सायकियाट्रिस्ट आहे, देव मानत नाही, आणि मरणाच्या भीतीने आलेल्या पेशंटच्या गोष्टी सांगतो. तो प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा आधार घेतो, की आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो. शिवाय जन्माआधीही आपण अनंत काळ नव्हतोच, त्याचं आपल्याला कधी दुःख झालं का? मला हा युक्तिवाद फार भक्कम वाटतो. आणि त्याचं असंही म्हणणं आहे की जगायचं राहून गेलंय असं ज्याला वाटतं त्याला मरण जास्त छळतं.
मराठीत आ. ह. साळुंख्यांचं 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' वाचा. सांत्वनाचं पुस्तक नाहीये ते, पण देह गेला की संपलं असं मानून आनंदाने जगायचा विचार आपल्याच मातीत किती जुना आहे ते दिसतं, एकटं वाटत नाही. आणि तांब्यांची 'जन पळभर म्हणतील' परत वाचा, नुसतं लताबाईंचं गाणं म्हणून नको. आपण गेलो तरी मेघ वर्षतील, शेतं पिकतील. शेवटी हरिदूत येतो, तेवढा सोडून द्या.

काठावरचा:
जुनीपेठ, एपिक्युरस दिवसा पटतो हो. पण रात्री जाग आलेल्या माणसाला तर्क नको असतो. आणि वडील गेलेल्या मुलीला 'मरण येतं तेव्हा आपण नसतो' याचा काय उपयोग, ते नाहीत पण ती आहे ना! तिचं दुःख त्या वाक्यात बसतच नाही. यॅलमलाही शेवटी यातून जावं लागलं, बायको मॅरिलिन आजारी असताना दोघांनी आळीपाळीने प्रकरणं लिहायला घेतली, २०१९ मध्ये ती गेली आणि उरलेली त्याने एकट्याने लिहिली. 'अ मॅटर ऑफ डेथ अँड लाइफ', २०२१. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शोकावर काम केलेला माणूस त्यात किती कोलमडतो ते बघा.
माझ्याकडून टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६). 'माणूस मर्त्य आहे' हे त्याला लॉजिकच्या पुस्तकातलं उदाहरण म्हणून मान्य असतं, पण मी, इव्हान, मी कसा मरेन? तुम्हाला रात्री वाटतं तेच हे. आजूबाजूचे सगळे तो बरा होणार असं खोटं बोलत राहतात, फक्त गेरासिम नावाचा नोकर खरं वागतो, त्याचे पाय खांद्यावर धरून रात्र रात्र बसतो. शेवटाला टॉलस्टॉयचा स्वतःचा धर्म डोकावतो, गेरासिमही सुरुवातीला एकदा 'देवाची इच्छा' म्हणतो, पण त्याची माया साधी माणसाची आहे. छोटी आहे, दोन बैठकीत होते.
आणि झोप रोजच मोडत असेल तर डॉक्टरांना किंवा काउन्सेलरला भेटाच, पुस्तकं सोबतीला आहेतच.

उमरखेड_पुणे:
कुणी अतुल गावंडेंचं नाव कसं घेतलं नाही? 'बीइंग मॉर्टल' (२०१४). त्यांचे आजोबा सीताराम गावंडे आमच्या भागातल्या उटीचे शेतकरी, शंभरी ओलांडल्यावरही घोड्यावरून शेतं बघायचे. वडील अमेरिकेत डॉक्टर, त्यांना मज्जारज्जूत ट्यूमर होतो आणि मुलगा सर्जन असूनही त्याला वडिलांना विचारायला शिकावं लागतं की तुम्हाला नेमकं काय हवंय, कशाची भीती वाटते. ताई, तुमच्यासाठी उपसंहार महत्त्वाचा. स्वतःची फारशी श्रद्धा नसताना ते वडिलांच्या अस्थी काशीला गंगेत सोडतात, विधी म्हणून गंगेचं पाणीही पितात आणि नंतर पोट बिघडतं तेही लिहितात. वडिलांची इच्छा होती म्हणून केलं, आणि तिथे आपण एका लांब साखळीत आहोत असं त्यांना वाटलं. तुम्ही बाबांची देहदानाची इच्छा पाळलीत, मला ते याच जातीचं वाटतं.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धविराम, बूट वाचून रडले, बाबांचा चष्मा अजून टीव्हीजवळच आहे आमच्या. उमरखेडदादा, हॉस्पिटलचं वर्णन आत्ता झेपेल का मला? बाबांचे शेवटचे दिवस आयसीयूतच गेले.

उमरखेड_पुणे:
मग सलग नका वाचू. पहिल्या प्रकरणात आजोबा आहेत, ते वाचा आणि थेट उपसंहारावर जा. वडिलांचं आजारपण शेवटच्या प्रकरणांत आहे, ते सहा महिन्यांनी, वर्षाने, कधीही. पुण्यात असाल तर माझी कॉपी देतो, मेसेज करा.