कांद्याचा भाव, पाऊस आणि लाईटची पाळी एकाच पानावर कशी आणायची?

निफाड_द्राक्ष_कांदा

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात तीन एकर कांदा आणि एकरभर द्राक्षबाग आहे. रोज सकाळी भाव, पाऊस आणि लाईट बघायला चार ठिकाणी फिरावं लागतं. ग्रुपवर भाव येतो, पण तो लासलगावचा की पिंपळगावचा, आजचा की कालचा, काहीच लिहिलेलं नसतं. मोबाइलमधलं हवामान नाशिक शहराचं. शेतीपंपाची थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, हे विचारायला शेजारी फोन.

मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब घरात पडून आहे. तो ओसरीत लावावा आणि चहा पिता पिता सगळं एका नजरेत दिसावं, एवढंच हवं आहे. पैसे भरायचं काही नको. एक्सेल बऱ्यापैकी येतं, कोडिंग येत नाही. कुणी असं घरी केलं आहे का?

चांदवडची_लेक

दादा, हेच मी आमच्या नानांसाठी केलं आहे. मी पुण्यात एका ऑफिसात हिशेब बघते, नाना चांदवड तालुक्यात कांदा करतात. पान रोज उघडतात, म्हणून खात्रीने सांगते, एक्सेल येत असेल तर तुम्हाला जमेल. पाया गूगल शीट्सचा ठेवा. लूकर स्टुडिओत (गूगलचंच, आकडे तक्त्या-आलेखांत मांडायचं साधन) दिसायला छान होतं, पण आमच्या जुन्या टॅबवर ते उघडेपर्यंत नाना उठून जायचे.

भाव सरकारच्या खुल्या डेटाच्या साइटवरून येतो, डेटा डॉट गव्ह डॉट इन. तिथे देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे दर आहेत: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण, रुपये प्रति क्विंटल. नाव नोंदवून स्वतःची एपीआय की, म्हणजे शीटला तिथला डेटा मागता येईल असा सांकेतिक क्रमांक, फुकट घ्या. नमुन्याची की वापरली तर दहाच ओळी येतात, आणि आपला बाजार त्यात नसला की माणसाला वाटतं दरच आलेला नाही. बाजाराचं नाव त्यांनी लिहिलंय तस्संच लिहायचं. लासलगाव वेगळं, त्याचे विंचूर आणि निफाड हे उपबाजार वेगळे. तुम्ही माल जिथे नेता तीच ओळ घ्या.

त्या यादीत फक्त चालू दिवसाचे दर असतात. मागचे हवे असतील तर रोजची ओळ आपणच साठवायची. शीटमध्ये एक्स्टेन्शन्स मेनूखाली ॲप्स स्क्रिप्ट आहे. तिथे वीसेक ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, ठेवली की ट्रिगर लावता येतो, मग ती ठरल्या वेळी आपोआप चालते. माझी दुपारी चारला आणि रात्री नऊला चालते, तीच ओळ आधी आलेली असेल तर पुन्हा लिहीत नाही. स्क्रिप्ट मी पाठवते, तुम्ही फक्त की आणि बाजाराचं नाव बदला.

आता जे नीट सांगायचं आहे ते. पहिल्याच जूनमध्ये माझ्याकडून चूक झाली आणि नुकसान नानांचं झालं.

दर येतात त्यात आधी दिवस, मग महिना असा क्रम असतो. माझ्या शीटचं लोकेल, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ती सेटिंग, अमेरिकेचं राहिलं होतं, तिथे आधी महिना. १ जूनची ओळ शीटने ६ जानेवारी धरली, २ जूनची ६ फेब्रुवारी. मी सूत्र लावलं होतं, ‘सर्वांत मोठ्या तारखेचा दर दाखव’. रोज नवी ओळ महिनाभर पुढची ठरायची, त्यामुळे दर बरोबर दिसायचा आणि मला शंकासुद्धा आली नाही. १२ जून झाली ६ डिसेंबर. १३ तारखेला तेरावा महिना कुठून आणणार, म्हणून ती ओळ नुसता मजकूर राहिली. १४, १५ चंही तेच. पानावर १२ तारखेचाच दर चिकटून राहिला. १६ ला नानांनी तो बघून साठवणीच्या चाळीतला पंधरा क्विंटल कांदा पिकअपमध्ये भरला. बाजारात क्विंटलमागे दीडशे रुपये कमी मिळाले. सव्वादोन हजार गेले. संध्याकाळी फोनवर नाना एवढंच म्हणाले, “अगं, तुझ्या पानावर तर वेगळाच आकडा होता.” दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

म्हणून पहिलं काम हे करा: फाइल, सेटिंग्ज, लोकेल भारत. टाइमझोनही तिथेच भारताचा करा. दुसरं, प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याची तारीख, आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात. तिसरं, आजच्या तारखेतून ती वजा करून ‘किती दिवसांचा’ असा एक रकाना. कंडिशनल फॉरमॅटिंगने एक दिवसापेक्षा जुनी ओळ करडी होऊ द्या. बाजाराला सुट्टी असली, नेट गेलं, साइट बंद पडली, काहीही झालं तरी ओळ करडी दिसते. नाना आता आधी तारीख बघतात, मग भाव. शिळा भाव ताजा म्हणून दिसण्यापेक्षा रकाना रिकामा असलेला चालेल.

पावसासाठी ओपन-मेटिओ ही हवामानाची साइट. घरगुती वापराला फुकट, की लागत नाही. गूगल मॅप्समध्ये बागेवर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश मिळतात, तेच साइटच्या वेब पत्त्यात घालायचे. उत्तर सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) मागितलं की शीटचं इम्पोर्टडेटा सूत्र ते थेट वाचतं, स्क्रिप्टची गरज नाही. टाइमझोन आशिया-कोलकाता घालायला विसरू नका. नाही घातला तर तास जीएमटीने येतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि दुपारचा पाऊस सकाळचा दिसतो. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) फवारणीच्या दिवसांत तुम्ही तासागणिक पावसाची शक्यता आणि वाऱ्याचा वेगही घ्या. इतर वेळी तीन दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये पुरतो.

लाईटला इंटरनेट लागतच नाही. दिवसपाळी ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख एका चौकटीत लिहा, आजच्या तारखेतून वजा करा, सातने भागून पूर्णांक घ्या. सम आला तर दिवसाची, विषम आला तर रात्रीची. वेळापत्रक बदललं की तेवढी एक तारीख बदलायची.

सुरुवातीला मी धरणाचा साठा, सोन्याचा भाव आणि बातम्याही घातल्या होत्या. नानांचं सगळं विहिरीवर, त्यामुळे साठा बघून सकाळचं कोणतंच काम बदलत नव्हतं. ते सगळं काढलं, तेव्हा कुठे अक्षरं ओसरीतून वाचता येतील एवढी मोठी करता आली.

टॅब_दुरुस्ती

टॅबबद्दल दोन गोष्टी. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘स्टे अवेक’ चालू केलं की चार्जिंगला असेपर्यंत स्क्रीन बंद होत नाही. पण चोवीस तास चार्जरला ठेवू नका. माझ्याकडे असे टॅब येतात, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं असतं. सॉकेटला साधा टायमर लावा, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आणि शीट ‘पब्लिश टू वेब’ केलीत तर लिंक ज्याला मिळेल त्याला ती दिसते. उसनवारी, बँकेची शिल्लक असलं काही त्या फाइलमध्ये ठेवू नका.

जुना_वाचक

ताईंनी रोजची ओळ स्वतःकडे साठवायला सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. माझं असं पान आयगूगलवर, म्हणजे गूगलच्या आपल्याला हवं तसं मांडता येणाऱ्या पानावर होतं, बातम्या गूगल रीडरमध्ये. रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, आयगूगल त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. फुकटची सोय कधीही जाऊ शकते. महिन्यातून एकदा शीट सीएसव्ही करून पेन ड्राइव्हवर घ्या.

निफाड_द्राक्ष_कांदा

ताई, मनापासून आभार. स्क्रिप्ट मिळाली. चालवताना गूगलने ‘हे ॲप तपासलेलं नाही’ अशी सूचना दाखवली, तिथे थांबलो आहे. पुढे जाऊ का?

चांदवडची_लेक

स्क्रिप्ट तुमच्याच खात्यात आहे आणि कुणाकडून तपासून घेतलेली नाही, म्हणून ती सूचना येते. ‘ॲडव्हान्स्ड’ दाबा, खाली पुढे जायची लिंक आहे. पण आधी स्क्रिप्ट एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. पत्ता एकच दिसला पाहिजे, सरकारी साइटचा. मी पाठवली म्हणून डोळे झाकून परवानगी देऊ नका. आणि पहिले आठ दिवस पानावरचा भाव बाजारात फोन करून ताडून बघा.

निफाड_द्राक्ष_कांदा

वाचली, पत्ता एकच आहे. लोकेल माझंही अमेरिकेचंच निघालं, ते आधी बदललं. आत्ता चारच्या फेरीत विंचूरची ओळ आली, तारीख आजची. लासलगावची अजून आलेली नाही, चौकट करडी दिसते आहे. नऊच्या फेरीत बघतो आणि सकाळी कळवतो.