मदत हवी आहे: झायरेम, उशिराचं जेवण आणि सोडियम

अमेरिकेत नार्कोलेप्सीसाठी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) झायरेम (सोडियम ऑक्सिबेट) घेणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारायचं आहे. बहिणीला रात्री 6 ग्रॅम चालू आहे: 3 ग्रॅम अंथरुणात बसून, उरलेले 3 ग्रॅम अडीच ते चार तासांनी. दोन्ही डोस झोपण्याआधीच साधारण 60 मिली पाण्यात मिसळून, झाकण लावून ठेवतो. दुसरा चुकला तर सोडून द्यायचा, दोन्ही एकदम कधीच नाही. दारू आणि झोपेच्या इतर गोळ्या पूर्ण बंद.

जेवणानंतर निदान दोन तास जावे लागतात, नाहीतर औषध कमी शोषलं जातं. कामावरून उशिरा येणाऱ्यांनी हे कसं बसवलं?

खरी काळजी सोडियमची. 6 ग्रॅममध्येच सुमारे 1100 मिग्रॅ, म्हणजे जवळपास अर्धा चमचा मीठ, आणि तिचं बीपी वाढतंय. लोणचं-पापड बंद केलं, पण तेवढ्याने काय होणार! झायवेव या तशाच दुसऱ्या औषधात सोडियम 92 टक्के कमी असतं आणि सुरुवात त्याच डोसने करता येते, म्हणून डॉक्टरांशी बोलणार आहोत. विमा कंपनीने तुमच्याकडे कोणते कागद मागितले? बीपीच्या नोंदी पुरल्या, की आणखी काही लागलं?