स्वस्त कार्बन फ्रेम घेऊन घरी रोड सायकल जोडावी का?

दोनचाकी:
मत सुरुवातीलाच मांडते. मोठ्या नावाचं लेबल नसलेली, पण नीट चौकशी करून घेतलेली कार्बन फ्रेम आणि एकेक करून जमवलेले भाग, एवढ्यावर घरी रोड सायकल जोडता येते आणि ती तयार सायकलीइतकीच भरवशाची असू शकते. अट एकच, जोडणाऱ्याने प्रत्येक बोल्ट मोजून आवळला पाहिजे. माझी अशी सायकल सहा हजार किलोमीटर चालून झाली आहे.

या मतावर मी आले ती आधीच्या सायकलीमुळे. ती जोडून आलेली होती. दीड वर्षाने सीट जराशी खाली घ्यावी म्हटलं, तर सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) हलेचना. कार्बनच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट कोरडाच बसवला होता. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये घाम-पाणी झिरपलं, की अ‍ॅल्युमिनियम गंजतं, तो गंज फुगतो आणि पोस्ट पाचर मारल्यासारखा अडकतो. काढताना फ्रेमचं तोंड चिरलं. आत काय आहे, कोणी कसं बसवलंय, याचा मला पत्ताच नव्हता. नव्या सायकलीत मी स्वतः पुसून, योग्य ती पेस्ट किंवा ग्रीस लावून बसवला नाही असा एकही सांधा नाही.

सगळ्यात जास्त छाती धडधडली ती फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) वर जाणारी नळी कापताना. कापली ती कापली. म्हणून हँडल या नळीला धरून ठेवणाऱ्या स्टेमखाली आधी तीन सेंटिमीटर स्पेसर (उंचीसाठीच्या कड्या) ठेवून महिनाभर चालवली, एकेक स्पेसर काढून वर ठेवत उंची ठरवली आणि मगच करवत हातात घेतली. बारीक दातांचं पान, काप सरळ जावा म्हणून गाईड, तोंडाला मास्क आणि पानावर सतत पाणी, कारण कार्बनची भुकटी श्वासात जाऊ द्यायची नाही. नळीचं टोक सगळ्यात वरच्या स्पेसरच्या कडेच्या ३ मिलिमीटर खाली राहावं लागतं. नाहीतर वरची टोपी नळीवरच टेकते, बेअरिंगवर दाब येत नाही आणि पुढचा ब्रेक दाबला की हँडल टकटक करतं. तयार सायकल चालवत राहिले असते तर हे मला कधी कळलंच नसतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

कार्बनतंतू:
पटत नाही. मी कंपोझिट भागांच्या तपासणीचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सगळे बोल्ट मोजलेत, पण सायकलीचा जीव ज्यात आहे ते मोजायचं साधन तुमच्याकडे नाही. अशा फ्रेमवर टी७००, टी८००, टी१००० असं मिरवलेलं असतं. तो आकडा धाग्याचा. टी७०० धाग्याची ताणशक्ती ४९०० मेगापास्कल आहे हे खरं, पण फ्रेम म्हणजे नुसता धागा नव्हे. कापडाचे तुकडे कुठल्या कोनात, किती थर, कुठे एकावर एक चढवलेत यावर सगळं ठरतं. हेड ट्यूब (फ्रेमची पुढची आखूड नळी) आणि बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस बसतो तिथे) नळ्या एकत्र येतात, तिथे थरांना सुरकुती पडली किंवा धागे बांधणारी राळ नीट दाबली गेली नाही तर आत पोकळी राहते. वरून रंग आणि लॅकर, दिसणार काय? एकाच साच्यातून निघालेल्या दोन फ्रेममध्ये आतले थर वेगळे असू शकतात.

विक्रेता सांगतो, ‘आयएसओ ४२१० पास’. सायकलींच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची ती चाचणी चांगली आहे. पेडलच्या जोराचे १ लाख फेरे, वर धक्क्याच्या चाचण्या. पण ती कुठल्या फ्रेमवर झाली? त्याच मापाच्या? आज तुमच्या हातात आहे त्याच थरांच्या? आणि युसीआयचा (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा) शिक्का पाहून निर्धास्त होणाऱ्यांसाठी: २०११ पासून सुरू झालेली ती मान्यता मुख्यतः फ्रेमचा आकार आणि मापं नियमात बसतात का हे पाहते. ते मजबुतीचं प्रमाणपत्र नाही.

अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टील बऱ्याचदा आधी वाकतं, चिरतं, कुरकुरतं. कार्बन बाहेरून धडधाकट दिसत असतानाच जाऊ शकतं.

पानापक्कड:
माझा दिवस सायकली दुरुस्त करण्यात जातो. दोघांचंही अर्धं अर्धं पटतं.

माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त कार्बन फ्रेम तुटून येत नाहीत, करकरत येतात. कारण बहुतेक वेळा बॉटम ब्रॅकेट. बीबी८६ नावाच्या प्रकारात ८६.५ मिलिमीटर रुंद कवच आणि ४१ मिलिमीटरचं भोक, त्यात बेअरिंगचे कप नुसते दाबून बसवायचे. भोक केसभर मोठं झालं किंवा दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत नसली की कप हलतो, प्रत्येक पेडलला कट्‌कट्‌ आणि बेअरिंग लवकर जातं. घरी यावर काही करता येत नाही. म्हणून स्वस्त फ्रेम घ्यायचीच असेल तर आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असलेली घ्या, ६८ मिलिमीटरचा बीएसए नाहीतर टी४७ प्रकारचा. उजव्या बाजूला उलटे आटे असतात एवढं लक्षात ठेवलं की काम सोपं आहे.

माझा खरा विरोध हेडसेटमधून (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगांमधून) आत जाणाऱ्या केबलींना आहे. वरचं बेअरिंग बदलायचं तर ब्रेकची नळी सोडा, तेल भरा, हवा काढा. पहिल्यांदाच जोडणाऱ्याने या फंदात पडू नये. अर्ध्यात सोडून पिशव्यांत भरून आणलेल्या सायकली मी जोडून दिल्या आहेत. नाकापेक्षा मोती जड होतो.

दोनचाकी:
पानापक्कड, केबलींचं शंभर टक्के मान्य. माझ्या केबली डाऊन ट्यूबमधून (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीतून) आत जातात आणि बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे.

कार्बनतंतू, तुमचं म्हणणं मी हलकं घेत नाही. पण नाव मोठं असलं की हा धोका जातो का? २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत अमेरिकन सायकलपटू जॉर्ज हिनकॅपीच्या फोर्कची नळी मोडली आणि हँडल त्याच्या हातात आलं. संघ नामांकित, मेकॅनिक जगातले उत्तम, आणि ती नळी कार्बनची नव्हती, अ‍ॅल्युमिनियमची होती. तुमच्या हिशेबाने तिने आधी वाकून इशारा द्यायला हवा होता. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या शिमानोने ११ स्पीडच्या ड्युरा-एस आणि अल्टेग्रा मालिकांचे जुलै २०१९ पूर्वीचे क्रँक (पेडलचे दांडे) तपासणीसाठी मागवले, कारण चिकटवलेले दोन भाग सुटत होते. यापेक्षा मोठं नाव कुठलं आणायचं?

कार्बनतंतू:
दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. हिनकॅपी त्याच शर्यतीत आधी एकदा पडला होता. आधीच्या माराने भाग आतून दुबळा होतो आणि नंतर साध्या जागी मोडतो, हीच तर माझी भीती. आणि शिमानोने ‘तपासून घ्या’ असं जाहीर तरी केलं. तुमच्या फ्रेमच्या एखाद्या खेपेत दोष निघाला तर तुम्हाला कोण कळवणार? तो विक्रेता पुढच्या वर्षी त्याच नावाने विकत असेल याची तरी खात्री आहे का? फ्रेम घेताना तिच्यामागे उत्तर देणारं माणूस आहे का, हे मी सगळ्यात आधी बघतो.

चढउतार:
मुळात कार्बनच कशाला? पहिल्यांदा जोडताय तर चांगली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घ्या. वजनातला फरक साधारण अर्धा किलो, म्हणजे भरलेल्या पाण्याच्या एका बाटलीपेक्षा कमी. ६.८ किलोची किमान मर्यादा युसीआयने २००० साली शर्यतींसाठी घातली, आपल्याला तिथवर पोहोचायचंय कशाला? चुकून जास्त आवळलं गेलं तरी अ‍ॅल्युमिनियम बरंच सोसून घेतं. शिकणाऱ्याच्या हाताला तेवढी मुभा हवी.

नवीचाकं:
वाद चालू दे, पण मला जोडायचीच आहे. हत्यारं कुठली लागतील आणि कुठे किती आवळायचं, कोणी सांगेल का?

पानापक्कड:
टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) दोन घ्या. २ ते १४ न्यूटन-मीटरचा लहान आणि ६० पर्यंतचा मोठा. मोठ्या रेंचने स्टेमचा बोल्ट आवळायला जाल तर ठरलेला जोर झाल्याचं ‘कट्’ ऐकू येण्याआधी दुसरंच काही ऐकू येईल. स्टेम आणि सीटच्या क्लॅम्पवर आकडा छापलेला असतो, बहुधा ५ च्या आसपास. तो कमाल आकडा आहे. कार्बनची पेस्ट लावली असेल तर कमीत भागतं, तिच्यातल्या बारीक कणांमुळे पकड वाढते. शिमानोचा क्रँक असेल तर डाव्या दांड्याचे दोन बोल्ट १२ ते १४, आलटून पालटून थोडे थोडे. कॅसेटची (मागच्या दातेरी चकत्यांची) लॉकरिंग ४०. बॉटम ब्रॅकेटचे कप ३५ ते ५०. डाव्या पेडलचे आटे उलटे. बाकी आकडे त्या त्या भागाच्या माहितीपत्रकात वाचा, आठवणीवर जाऊ नका.

आणि दोनचाकी, एक विचारायचं राहिलं. फोर्कच्या नळीत एक्स्पांडर प्लग टाकलाय तो किती लांबीचा?

दोनचाकी:
फ्रेमबरोबर आलेलाच आहे. लांबी मोजली नव्हती. का?

पानापक्कड:
कार्बनच्या नळीत तो प्लग फक्त टोपी ओढून बेअरिंग बसवण्यापुरता नसतो. स्टेम बाहेरून नळीला आवळतो, तिथे आतून टेकू द्यायचं कामही त्याचंच. प्लग आखूड असला तर स्टेमचा खालचा बोल्ट पोकळ नळीवर दाबतो. मग तुमचे ५ न्यूटन-मीटर बरोबर असूनही नळीला जास्तच होतात. एकदा काढून बघा.

दोनचाकी:
काल रात्री सगळं उतरवलं. प्लगची लांबी २८ मिलिमीटर. स्टेमची उंची ४०, आणि त्याच्या वर ५ चा स्पेसर. म्हणजे प्लग स्टेमच्या निम्म्याच्या जरा खाली जाऊन संपतो, आणि खालचा बोल्ट बरोबर त्याच्या पलीकडे येतो.

नळी पुसून दिव्याखाली धरली. स्टेमच्या खालच्या कडेपाशी एक बारीक रेष आहे, पाव घेर भरेल एवढी. लॅकरवरचा ओरखडा आहे की आत गेलंय, सांगता येत नाही.

कार्बनतंतू:
नख आडवं फिरवून बघा. रेषेत अडकतं का? आणि नाण्याच्या कडेने हळू ठोकत त्या रेषेवरून जा, आवाज बदलतो का ऐका.

दोनचाकी:
नख अडकतं. आवाजही तिथे बसका येतो, वरच्या भागासारखा खणखणीत नाही.

कार्बनतंतू:
मग या फोर्कवर पुन्हा बसू नका. अल्ट्रासाऊंडने तपासून घेण्याइतकाही तो मोलाचा नाही. आणि बघा, आखूड प्लग फ्रेमबरोबरच आला होता. ज्याने तो खोक्यात टाकला त्याने आतले थर कसे रचले असतील, याचा विचार करा.

दोनचाकी:
फोर्क बाद केला. नळी मधोमध कापून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या सायकलीत जाणार नाही. नवा फोर्क नावाजलेल्या कंपनीचा घेणार, खालचं बेअरिंग दीड इंची असलेला, आणि ७० मिलिमीटरचा प्लग वेगळा.

फ्रेमबद्दलचं मत मात्र मी अजून बदललेलं नाही. दोष प्लगचा, आणि तो न मोजता बसवला माझ्या हातांनी. दुकानातून जोडून आली असती तर ही रेष मला दिसलीच नसती, कारण स्टेम मी कधी काढलाच नसता. तरी तुमचा शेवटचा मुद्दा डोक्यातून जात नाही. बॉटम ब्रॅकेट काढून आतून कॅमेरा घालून बघते आणि फोटो इथेच टाकते. सुरकुत्या कशा ओळखायच्या तेवढं सांगून ठेवा.