मदत हवी: लढाई सुरू झाली की टेबलावर दोन तट पडतात (डी अँड डी)

मंडळी, दर शनिवारी आमच्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढे न्यायचा खेळ. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. डीएम मी, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि शत्रू चालवणारी. खेळणारे चौघं.

रेंजर (रानातला तिरंदाज) खेळणाऱ्या मित्राला नकाशा लागतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखलेत, एक चौकोन म्हणजे पाच फूट. गॉब्लिन (छोटे राक्षस) म्हणून कॅरमच्या काळ्या सोंगट्या. अर्धा आडोसा मिळाला तर एसी (घाव बसायला फाशावर लागणारा आकडा) दोनने वाढतो, म्हणून तो एकेक झाड मोजत बसतो. नवरा बार्ड (गाणारा, बोलका भाट) आहे. त्याला ही सगळी जमिनीची मोजणी वाटते. त्याला झुंबराला लटकून सरदाराच्या डोक्यावर उडी मारायची असते, आणि रेंजर म्हणतो, "एका टर्नच्या तीस फुटांत बसत नाही." झालं, फुगला.

गेल्या शनिवारी सहा गॉब्लिन होते. एकेकाचे एचपी (जीव किती उरलाय तो आकडा) फक्त सात, तरी दोन तास गेले! नवरा मध्येच उठून कुकर लावून आला, तीन शिट्ट्या झाल्या, तरी त्याचा टर्न आला नव्हता.

पाथफाइंडर या अशाच खेळाची दुसरी आवृत्ती आणून बघितली. दर टर्नला तीन ॲक्शन, रेंजर खूश, नवऱ्याने पुस्तक मिटलं. डंजन वर्ल्ड या आणखी एका खेळात टर्नचा क्रमच नाही. दोन फासे टाका, दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर जमतं पण काहीतरी मोजावं लागतं. ते नवऱ्याला आवडलं, तर रेंजर म्हणे मग मी अंतर मोजू कशाला?

खेळ बदलायचा नाही, पात्रं सहाव्या लेव्हलला आहेत. याच नियमांत काही जमेल का?

प्रतिसाद १: गॉब्लिनच्या इजेचे फासे टाकूच नका. सरासरी छापलेली असते, तलवारीची ५. सगळ्या गॉब्लिनचा इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा आकडा) एकच, तेही पुस्तकातच आहे. चौथ्या आवृत्तीतले मिनियनही (किरकोळ शत्रू) उचला: एचपी एक, घाव बसला की आडवा. अर्धा वेळ वाचेल.

प्रतिसाद २: वेळ वाचेल, भांडण नाही मिटणार. डी अँड डीच्याच १९८१च्या बेसिक आवृत्तीत मनोबल होतं. पहिला मेला की आणि अर्धे पडले की दोन फासे टाकायचे. गॉब्लिनचं मनोबल ७, त्याहून जास्त आले तर पळ काढतात. पळणाऱ्यांशी काय बोलायचं ते बार्डकडे सोपवा. आणि झुंबराच्या उडीला फाशावर किमान किती लागतील ते नवऱ्याने उडी मारायच्या आधीच सांगून टाका, पंधरा म्हणा. मग तीस फुटांचा वाद उरत नाही.

धागाकर्ती: दोन्ही करून पाहिलं. तिसरा पडल्यावर फाशांवर ९ आले, उरलेले तिघं पळाले. नवऱ्याने एकाला दरडावून गुहेची वाट काढून घेतली, पाऊण तासात सगळं उरकलं. पण रेंजर दोन टर्न झाडामागे दबा धरून बसला होता, त्याला बाण सोडायलाच मिळाला नाही. आता तो रुसलाय. त्याच्यासाठी काय करू?