खोकताना लघवी गळते, त्यामुळे चालणे सुटले आणि वजन वाढले

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
माझे वय ४८, वजन ८६ किलो. दोन बाळंतपणे झाली आहेत. तीन वर्षांपासून खोकला किंवा शिंक आली, भरलेली बादली उचलली की लघवीचे थेंब गळतात. यंदा महालक्ष्म्यांच्या पंगतीत वाढायला वाकले आणि साडी ओली झाली; वरणाचे भांडे तिथेच ठेवून मी आत गेले आणि डोके दुखते असे घरच्यांना सांगितले. अंबाझरीला सकाळी फिरायला जाणेही मी सोडले आहे. डॉक्टरांकडून "आधी वजन कमी करा" एवढेच ऐकायला मिळाले. चालले तर गळते आणि न चालले तर वजन वाढते. मग सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट)
ताई, सुरुवात स्नायूंपासून करावी. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात आणि पोटावरच्या चरबीचा भार त्यांच्यावर दिवसरात्र पडतो, म्हणून खोकल्याचा एक झटकाही त्यांना पेलत नाही. वायू रोखताना जे स्नायू आत-वर ओढले जातात तेच आवळायचे, मनात अंक मोजत धरायचे आणि तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे ८ वेळा, दिवसातून ३ दा, किमान ३ महिने. श्वास रोखू नये. अनेक जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्याने अपायच होतो, म्हणून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्यावे. शिंक येणार असे वाटताच आधी आवळण्याची सवयही लावा.

उत्तर २ (प्रतापनगर)
मी याच त्रासातून गेले आहे. पाणी मात्र तोडू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना मी तेच केले आणि लघवीची जळजळ मागे लागली. चहा दोन कपांवर आणल्याने मला फरक पडला.

उत्तर ३ (स्त्रीरोगतज्ज्ञ)
वजनाचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. अमेरिकेत ३३८ स्थूल व जास्त वजनाच्या स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार-व्यायामाच्या गटाचे वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के उतरले आणि गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. केवळ माहिती दिलेल्या गटात ही घट २८ टक्के होती. आपल्यासाठी ८ टक्के म्हणजे साधारण ७ किलो, डोंगर नव्हे. तोवर पॅड वापरून चालणे सुरू ठेवा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र अंग (गर्भाशय किंवा मूत्राशय) खाली उतरल्यासारखे वाटते का, लघवीत रक्त दिसते का, मधुमेह आहे का, हे आधी पाहायला हवे, कारण खाली आलेले अंग केवळ वजन घटवून सहसा जागेवर जात नाही. त्यासाठी आत बसवायची रिंग किंवा शस्त्रक्रिया असे पर्याय असतात. मेडिकल (नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय) किंवा एम्सच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवून घ्या.

प्रश्नकर्ती
सायंकाळी खाली जड वाटते, ते मी थकव्यावर ढकलत होते. सोमवारी मेडिकलला जाऊन हेही सांगेन.