सोलापूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी: सीना नदीत सोडावं की वीजकेंद्राला द्यावं?

सीनाकाठ (धागाकर्ता):
जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातल्या औष्णिक वीजकेंद्रांनी तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी वापरायचं आहे. आहेरवाडी-फताटेवाडीचं १,३२० मेगावॅटचं केंद्र त्या टप्प्यात येतं, म्हणून देगावच्या प्रक्रिया केंद्राचं ७५ एमएलडी (दशलक्ष लिटर रोज) पाणी तिकडे न्यावं असं बरेच जण म्हणतात. मला हे पटत नाही. उन्हाळ्यात सीनेत दुसरं पाणी असतं कुठे? हेही वळवलं तर बंधाऱ्यांवरच्या मोटारींनी काय ओढायचं?

गाळवाला:
असहमत. एमएलडी गुणिले मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे रोजचे किलो. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) २० धरला तरी ७५ एमएलडीतून रोज १,५०० किलो. वाहत्या नदीला ते पचतं, पण इथे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले बंधारे आहेत, पाणी हलतच नाही. त्यात फॉस्फरस ३ धरा, म्हणजे रोज २२५ किलो. एक किलो फॉस्फरसवर शंभर किलोंहून अधिक (कोरडं वजन) शेवाळ पोसतं. ते रात्री ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे वर येतात. पाणी वीजकेंद्राला गेलं तर तेवढं उजनीचं पाणी वाचेल, ते भीमेत सोडा की.

सीनाकाठ:
वाचलेलं पाणी नदीत सोडतील, यावर तुमचा विश्वास आहे? आमचा नाही. फॉस्फरस ३ वरून १ वर आणायला दिवसाला साधारण दोन ते तीन टन तुरटी लागेल. गाळ वाढेल, तो सुकवायला जागाही लागेल. तरी हे होण्यासारखं आहे.

ब्लोअर बंद:
दोघंही अमोनिया विसरलात. एक किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे ४.६ किलो ऑक्सिजन लागतो आणि ७ किलो क्षारता (पाण्याची आम्ल शमवण्याची ताकद) खर्च होते. वीजबिल वाचवायला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) तासभर कमी चालवला की आधी हेच काम थांबतं, कारण ते करणारे जिवाणू हळू वाढतात. गाळ भराभर काढला तर तेच वाहून जातात. बीओडीचा रिपोर्ट मात्र छान येतो! मग उरलेल्या अमोनियामुळे क्लोरीनचं क्लोरामाइन होतं, ते जंतू मारायला कमजोर, म्हणून डोस वाढवत बसायचं. वीजकेंद्रालाही हे पाणी नको असतं: अमोनिया कंडेन्सरच्या पितळी नळ्या खातो, फॉस्फेटचा थर बसतो. म्हणजे पाणी कुणालाही द्या, नायट्रीकरण (अमोनियाचं नायट्रेट करणं) आधी नीट हवं.

गाळवाला:
मान्य. पण विकत घेणारा रोज तपासणी मागेल. नदी मागत नाही.

रंगारी:
टॉवेल-चादरीच्या सुताला रिअॅक्टिव्ह रंग देताना लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ पडतं, सामू (पीएच) १०.५ च्या वर जातो. ते पाणी गटारात आलं की जैविक प्रक्रियेत रंग थोडाफार उतरतो, मीठ मात्र जसंच्या तसं बाहेर पडतं. हा सोडियम काळ्या जमिनीत साठला की माती चिकट होते आणि निचरा बंद पडतो. सीनाकाठ, तुमच्या मोटारी हेच ओढणार. वीजकेंद्रालाही शीतमनोऱ्यात ते चालत नाही. आरओ बसवला तर त्याचं खारट पाणी टाकायचं कुठे, हा प्रश्न उरतो.

जलपर्णी:
शिवाय सीना हत्तरसंग कुडलला भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्राची काळजी करणाऱ्यांनी सोलापूरकडेही बघावं.

ब्लोअर बंद:
आपला बीओडी समुद्रापर्यंत जात नाही, वाटेतच संपतो. फॉस्फरसही बराचसा जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर या धरणांच्या गाळात बसतो. मीठ मात्र पाण्याबरोबर पुढे जातं.

सीनाकाठ:
रंगारी, मीठ मूळ ठिकाणीच अडवावं लागेल, हे पटलं. निम्मं पाणी वीजकेंद्राला, निम्मं नदीला, या वाटणीलाही मी तयार आहे, पण नदीच्या वाट्याचा मीटर बाहेर पडणाऱ्या पाइपावर, सगळ्यांना दिसेल असा लावा.

रंगारी:
मग रंगशाळांच्या गटाराच्या चेंबरमध्येही वाहकता मापक (पाण्यातलं मीठ दाखवणारं यंत्र) बसवा. दहा मिनिटांत कळतं कोण सोडतंय. रात्री दोननंतरची नोंद बघा, दिवसाची नाही.